चांद सरकतो, पाऊस नाही

शब-ए-बरात झाली की आमच्या सानपाड्याच्या घरात माळे रिकामे व्हायचे, पडदे उतरायचे. रमजानआधी घर लख्ख हवं, ही अम्मीची शिस्त.

२०१६ साली रमजान जूनमध्ये आला, ईद ७ जुलैला. भर पावसात भिंतींना ओल, गाद्या दमट. रोजा ठेवून अम्मी स्टुलावर चढून बुरशी पुसत होती. एका दुपारी चक्कर येऊन खाली बसली. बाकीचे आम्ही ‘संध्याकाळी बघू’ म्हणत होतो!

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दिवाळीला मात्र अधिक मास ऋतूशी बांधून ठेवतो. म्हणून शेजारच्या काकूंची आवराआवर नेहमी पाऊस सरल्यावरच निघते.

आम्हीही मग कामं सणाऐवजी ऋतूंना वाटून दिली. मे महिन्यात गाद्यांना ऊन आणि खिडक्यांच्या फटी बुजवणं. पावसाळ्यात फक्त कपाटं कोरडी ठेवायची. ऑक्टोबरच्या उन्हात काकूंच्या जोडीनेच बुरशी खरवडून रंगाचा हात. थंडीत माळे आणि पंखे. ते माझ्याकडे आणि मुलाकडे.

शाबानसाठी उरतात स्वयंपाकघरातले डबे आणि जानमाज धुणं. यंदा फेब्रुवारीत रोजे सुरू झाले, तेव्हा अम्मीच्या हातात फडकं नव्हतं, तसबीह होती.