पत्रकारांसाठी ऑनलाइन माध्यम कक्ष : आपल्या संस्थांनी तो का आणि कसा उभारावा?

६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, भोजनदान होते, डॉक्टरांची पथके बसतात, रात्रभर स्वयंसेवक राबतात. दुसऱ्या दिवशीच्या अनेक वर्तमानपत्रांत मात्र वाहतुकीतील बदल, नेत्यांचे अभिवादन आणि गर्दीचा एखादा फोटो एवढेच दिसते. मग आपण म्हणतो, माध्यमे आपली दखल घेत नाहीत.

ही तक्रार खोटी नाही. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वृत्तपत्रे, वाहिन्या, संकेतस्थळे आणि नियतकालिके यांतील १२१ नेतृत्वपदांची पाहणी होती. त्यांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती या पदांवर आढळली नाही. ही रचना बदलण्याचा लढा लांबचा आहे आणि तो चालूच राहील. पण त्याच्या जोडीला एक काम आपल्या हातात आहे आणि ते आजच करता येते. बातमीदाराला हवी असलेली खरी माहिती, त्याला हवी त्या वेळी, एका ठिकाणी तयार ठेवणे. यालाच ऑनलाइन माध्यम कक्ष किंवा ऑनलाइन न्यूजरूम म्हणतात.

माध्यम कक्ष म्हणजे काय?

वर्तमानपत्राची न्यूजरूम म्हणजे बातमीदार आणि उपसंपादक बसतात ती जागा. संस्थेचा ऑनलाइन माध्यम कक्ष ही त्याची दुसरी बाजू आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरचा हा असा भाग, जिथे प्रेसनोट, फोटो, पार्श्वभूमीची टिपणे, कागदपत्रे आणि बोलणाऱ्या माणसांचे फोन नंबर पत्रकारांसाठी ठेवलेले असतात. केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालय हेच करते. महाराष्ट्र शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय 'महासंवाद' या पोर्टलवरून हेच करते. सरकारी बाजू बातमीत नेमाने येते, त्याचे एक कारण हे आहे की ती रोज तयार स्वरूपात उपलब्ध असते.

तालुक्याचा वार्ताहर एका दिवसात अनेक बातम्या पाठवतो. रात्री पाने लागायच्या वेळी उपसंपादकाला एखादी तारीख, नावाचे शुद्धलेखन किंवा फोटोओळ तपासायची असते. त्या वेळी आपले अध्यक्ष फोन उचलत नाहीत आणि सचिव म्हणतात, 'उद्या सांगतो.' उद्यापर्यंत आवृत्ती सुटलेली असते. जो कागद हातात आहे त्यावरून बातमी होते, आणि तो कागद बहुधा पोलिसांचा किंवा प्रशासनाचा असतो.

पहिल्या २४ तासांचा प्रश्न

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्या त्रोटक होत्या आणि त्यांत अनैतिक संबंधांचा रंग भरला गेला. जमिनीचा वाद आणि जातीय सूड हा भाग पुढे यायला जवळपास महिना गेला. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन केलेले सत्यशोधन अहवाल, जमवलेली कागदपत्रे आणि रस्त्यावर उतरलेले लोक यांमुळे देशाला खरे काय ते कळले. पुढे न्यायालयाने शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही.

केवळ प्रसिद्धी वेळेत मिळाली असती तर निकाल वेगळा लागला असता, असा दावा आम्ही करत नाही. पण घटनेचे पहिले वर्णन कोण करते, यावर पुढची चर्चा कुठल्या वाटेने जाणार हे बरेच ठरते, एवढे नक्की. म्हणून माध्यम कक्षाची खरी कसोटी जयंतीच्या दिवशी लागत नाही. गावात काही घडल्यावर पहिल्या २४ तासांत लागते. त्या दिवशी कक्ष उभारायला वेळ नसतो. तो आधीच चालू असावा लागतो आणि पत्रकारांचा त्यावर विश्वास बसलेला असावा लागतो.

कक्षात काय काय ठेवावे?

१. प्रेसनोट. आपली नेहमीची प्रेसनोट आठवा. आधी महापुरुषांच्या नावामागच्या पदव्या, मग अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते, सूत्रसंचालन आणि आभार. समजा, त्याच कार्यक्रमात विहाराने गावातील मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली असेल, तर ती ओळ शेवटी येते आणि जागेअभावी कापली जाते. हा क्रम उलटा करा. पहिल्या दोन वाक्यांत काय, कुठे, कधी, कोणी आणि कोणासाठी. त्यानंतर कारण आणि तपशील. मग संबंधित एकाचे दोन वाक्यांचे म्हणणे. मान्यवरांची यादी सर्वांत खाली. अडीचशे ते तीनशे शब्द पुरतात.

मजकूर युनिकोडमध्ये द्या. लेटरहेडवर टाइप करून त्याचा फोटो पाठवला तर डेस्कवर कोणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि रात्री दहा वाजता तसे कोणी करत नाही.

२. फोटो. सत्काराचे दहा फोटो नकोत, काम दाखवणारे तीन हवेत. मूळ आकारातले फोटो कक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि छपाईत फाटतो. तिथे पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रत्येक फोटोला ओळ हवी: ठिकाण, तारीख, डावीकडून नावे, छायाचित्रकाराचे नाव आणि वापरास परवानगी आहे की नाही.

३. पार्श्वभूमीची टिपणे. हा कक्षाचा कणा आहे. पत्रकार बदलत राहतात, तेच गैरसमज पुन्हा छापले जातात. प्रत्येक विषयावर एक पान लिहून ठेवा. काही नमुने :

• लोकसंख्या : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४.४ लाख बौद्ध आहेत. त्यांपैकी सुमारे ६५.३ लाख महाराष्ट्रात, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८ टक्के.

• आरक्षण : धर्मांतर केलेल्या बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, असे अजूनही लिहिले जाते. १९९० च्या दुरुस्तीने १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे.

• बोधगया : महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन १९४९ च्या कायद्यानुसार चालते. समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य, आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष. आंदोलनाची बातमी देणाऱ्याला मागणी समजण्यासाठी ही एवढी माहिती आधी लागते.

• दिवस आणि तारखा : धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झाली. त्या दिवशी विजयादशमी होती, म्हणून दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला होतो आणि इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. दीक्षाभूमी नागपूरला, चैत्यभूमी मुंबईत. हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण डेस्कवर नव्याने आलेल्या मुलाला सांगावे लागते.

४. शब्दसूची. विहाराला मंदिर म्हणू नये, वंदनेला पूजा म्हणू नये, ६ डिसेंबरला 'महापरिनिर्वाण दिन' लिहावे. भन्ते, श्रामणेर, उपासक यांचा अर्थ एकेका ओळीत द्यावा. 'नवबौद्ध' हा शब्द सरकारी कागदांत असला तरी समाज स्वतःला बौद्ध म्हणतो, हेही लिहावे. सूची देताना सूर माहिती देण्याचा असावा, दटावण्याचा नको.

५. बोलणारी माणसे. कोणत्या विषयावर कोण बोलेल, मराठीत की हिंदीत की इंग्रजीत, आणि कोणत्या वेळेत, याची यादी. त्यांची संमती आधी घ्या. त्या यादीत कायदा, शिक्षण, लेणी, पाली, आरोग्य अशा विषयांच्या जाणकार स्त्रिया आणि तरुण असलेच पाहिजेत. नाहीतर प्रत्येक विषयावर अध्यक्षच बोलतात.

६. खुलासा. बातमी चुकली तर त्याच दिवशी दोन-तीन ओळींत, पुराव्यासह दुरुस्ती टाका आणि ती संबंधित बातमीदाराला पाठवा. आपल्याच प्रेसनोटमध्ये चूक आढळली तर जुना मजकूर गुपचूप बदलू नका. 'दुरुस्ती' असे लिहून तारीख टाका. यातूनच विश्वास तयार होतो.

अत्याचाराच्या घटनेत घ्यायची काळजी

उत्साहाच्या भरात इथे मोठे नुकसान होऊ शकते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. नाव वगळून गाव, वडिलांचे नाव आणि घराचा फोटो टाकला, तरी ओळख उघड होतेच. एफआयआरची प्रत कक्षात ठेवण्याआधी हे सारे तपशील झाका.

प्रेसनोटमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा : आम्ही स्वतः पाहिले ते, कुटुंबाने सांगितले ते, आणि कागदपत्रांत आहे ते. अफवा एकाही रकान्यात नको. पुढच्या टप्प्यांचेही टिपण द्या. गुन्ह्यात अ‍ॅट्रॉसिटीची कलमे लागली का, ६० दिवसांत दोषारोपपत्र गेले का, नियमानुसार मदत मिळाली का? या तारखा कक्षात असल्या की दोन महिन्यांनी पत्रकाराला दुसरी बातमी मिळते आणि प्रकरण थंड पडत नाही.

कोण करणार, किती खर्च येणार?

तीन माणसे पुरतात : एक लिहिणारा, एक फोटो सांभाळणारा आणि एक तपासणारा. तपासणाऱ्याच्या होकाराशिवाय काहीही बाहेर जाऊ नये. पत्रकारांसाठी एकच नंबर द्या आणि तो पाळीपाळीने कोणी ना कोणी उचललाच पाहिजे. वर्डप्रेस किंवा गुगल साइट्सवर सुरुवात फुकट करता येते, फोटो गुगल ड्राइव्हवर ठेवता येतात. पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवू नका. पदाधिकारी बदलले की संकेतस्थळच हरवते, हा प्रकार अनेक मंडळांत घडतो.

प्रत्येक विहाराने स्वतंत्र कक्ष उभारायची गरजही नाही. तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील संस्थांनी मिळून एक चालवला तर तो टिकतो. पहिल्या महिन्यात पाच टिपणे, शब्दसूची, फोन नंबर आणि वीस चांगले फोटो, एवढेच करा. जिल्ह्यातील बातमीदारांची यादी करा, त्यांना भेटा आणि विचारा, 'तुम्हाला काय मिळत नाही?' त्या उत्तरांवरून पुढचे काम ठरेल.

'त्यांची' सेवा कशासाठी?

काही कार्यकर्ते विचारतील, जी माध्यमे आपल्याला जागा देत नाहीत त्यांच्यासाठी आपण का राबावे? आपली माध्यमे काढावीत.

आपली माध्यमे हवीतच. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', आणि १९५६ मध्ये 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' केले. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, तरी बाबासाहेबांनी दुसऱ्यांच्या माध्यमांकडे पाठ फिरवली नाही. इंग्रजी वृत्तपत्रांना त्यांनी पत्रे लिहिली, निवेदने आणि मुलाखती दिल्या.

शिवाय हा कक्ष फक्त मोठ्या वृत्तपत्रांसाठी नाही. आपली यूट्यूब चॅनेले, जिल्ह्याची साप्ताहिके, विद्यापीठातील संशोधक, परदेशी वार्ताहर, सगळे तिथूनच माहिती घेतील. वर्तमानपत्राचा मालक कोणीही असो, खाली काम करणारा वार्ताहर अनेकदा आपल्यातलाच किंवा निदान ऐकून घेणारा असतो. वरिष्ठांसमोर बातमी लावून धरायला त्याला पुरावा लागतो. तो पुरावा त्याच्या हातात देणे हे आपले काम आहे.

पुढच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या नियोजनाची बैठक होईल तेव्हा मंडप, भोजन आणि ध्वनिक्षेपक यांच्या यादीत 'माध्यम कक्ष' हा एक विषय घाला आणि त्याची जबाबदारी तीन तरुणांवर नावानिशी सोपवा.

जय भीम! नमो बुद्धाय!