जुन्या औषधास नवी धार

औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंविषयीं आपण वर्तमानपत्रांत वाचतों. असा जंतु नेमकें काय करितो आणि मनुष्य त्यास काय उत्तर देतो, हें आज एका उदाहरणावरून पाहूं.

व्हँकोमायसिन हें प्रतिजैविक बोर्निओ बेटाच्या मातींतील एका सूक्ष्मजीवापासून निघालें व १९५८ सालीं अमेरिकेंत वापरांत आलें. जंतूच्या अंगाभोंवतीं एक भिंत असते. तिच्या प्रत्येक नव्या विटेस एक शेपटी असून शेपटीच्या टोंकास अलानीन नांवाचे दोन घटक असतात. व्हँकोमायसिन हें टोंक घट्ट धरून ठेवतें. मग विटा सांधत नाहींत, भिंत कच्ची राहते आणि जंतु मरतो. इतर औषधें हरलीं म्हणजे डॉक्टर या औषधाकडे वळत.

परंतु रुग्णालयांत अशक्त रुग्णांस गांठणाऱ्या एंटरोकॉकस जंतूंनीं यासही दाद दिली नाहीं, असें वृत्त १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. शेवटच्या अलानीनच्या जागीं त्यांनीं दह्यास आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा घटक बसविला होता. म्हणजे नायट्रोजनच्या जागीं ऑक्सिजनचा अणु आला, एवढेंच! पण औषधांतही नेमका त्यासमोर ऑक्सिजनचाच अणु असतो. हे दोघे एकमेकांस दूर लोटतात. त्यामुळें औषधाची पकड सुमारें १००० पटींनीं सैल झाली.

अमेरिकेंतील स्क्रिप्स संशोधनसंस्थेचे डेल बोगर व त्यांचे सहकारी यांनीं औषधांतील तो अणु काढून तेथें हायड्रोजनचे दोन अणु बसविले. मग औषध दोन्ही प्रकारचीं टोंकें धरूं लागलें. २०१७ सालीं त्यांनीं त्यास आणखी दोन फेरफारांची जोड दिली. एकानें भिंत रचणाऱ्या गवंड्याचा, म्हणजे त्या कामाच्या एन्झाइमाचाच, हात धरला. दुसऱ्यानें भिंतीआंतील पातळ पडदा गळका केला. तिन्ही बाजूंनीं कोंडी झाल्यावर पळवाट शोधणें कठीण. प्रयोगशाळेंत ५० वेळां या औषधाशीं गांठ घालूनही जंतु फारसे निर्ढावले नाहींत.

तथापि प्रयोगशाळेंतील यश आणि रुग्णाच्या उशाशीं असलेली बाटली यांत फार अंतर असतें. हें औषध घडविण्यास सुमारें ३० रासायनिक पायऱ्या लागल्या. जंतूंची पिढी मात्र अनुकूल स्थितींत तासाभरांत उलटते. म्हणून पडसें विषाणूंमुळें होतें हें जाणून त्यावर प्रतिजैविक घेऊं नये, आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांस देऊं नयेत. अनाठायीं घेतलेल्या प्रत्येक गोळीनें दुबळे जंतु मरतात व निर्ढावलेले तेवढे वांचतात. संशोधकांनीं दिलेली धार टिकविणें हें पुष्कळ अंशीं आपल्याच घरांतील औषधांच्या फडताळावर अवलंबून आहे.