होऊं घातलेल्या गिऱ्हाइकांची खतावणी

जुन्या पेढीवर कीर्द असे, खतावणी असे. ज्यानें माल उधार नेला त्याचें खातें तत्काळ उघडलें जाई. परंतु जो भाव विचारून, 'घरीं विचारून सांगतों' असें म्हणून परत गेला, त्याचें नांव कोणत्याहि वहींत चढत नसे. तें मुनिमाच्या स्मरणांत राही आणि मुनीम नोकरी सोडून गेला म्हणजे त्याच्याबरोबरच जाई. व्यापारी लोक जिला सीआरएम म्हणतात, त्या संगणक-प्रणालीचा मोठा उपयोग ही उणीव भरून काढणें हा होय. अमेरिकेंत १९९३ सालीं सीबेल सिस्टिम्स ही कंपनी या धंद्यांत उतरली. १९९९ सालीं निघालेल्या सेल्सफोर्सनें तीच सोय इंटरनेटवरून वर्गणी घेऊन पुरविली.

तथापि प्रणाली विकत घेतली म्हणजे व्यवस्था आली, असें नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यांत, राहुरीकडे, ठिबक सिंचनाचें सामान विकणाऱ्या एखाद्या दुकानदाराचें उदाहरण घ्यावें. चौकशी करून गेलेल्या दोनशें शेतकऱ्यांचीं नांवें त्यानें एकाच यादींत घातलीं, तर तो नुसता ढीग होय. नुसती चौकशी केलेले, शेत पाहून झालेले, दरपत्रक दिलेले आणि नकार दिलेले असे वर्ग प्रथम पाडावे लागतात. नकाराचें कारणहि लिहावें. कारण आज पैसे नाहींत म्हणणारा शेतकरी उंसाचें बिल हातीं आल्यावर पुन्हा येऊं शकतो.

दुसरी नोंद पुढील भेटीच्या तारखेची. आडसाली ऊंस जुलै-ऑगस्टमध्यें लावतात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीमध्यें. आडसालीवाल्यास डिसेंबरांत रोज फोन करणें हा उपद्रव आणि सप्टेंबरांत करणें हा उशीर. मे महिन्यांत केलेला एकच फोन कामास येतो. म्हणून येथें यादी आद्याक्षरानें न लावतां लागवडीच्या हंगामानें लावावी.

तिसरी दक्षता दुहेरी नोंदीची. बाप दुकानांत येऊन गेला आणि मुलानें फोनवर विचारलें, कीं एकाच घराचीं दोन खातीं होतात. मग दोन विक्रेते दोन निराळे भाव सांगतात, आणि विश्वास उडतो तो दोघांवरचाहि. नवें नांव चढविण्यापूर्वीं मोबाइलचा क्रमांक व गांव ताडून पाहिल्यास हा घोटाळा बहुधा टळतो.

ज्यांच्या घरीं विक्रीचे फोन अवेळीं खणखणतात, त्या श्रोत्यांस या यादीची दुसरी बाजू सांगावयास नको. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानें संमति व प्रयोजन यांस महत्त्व दिलें आहे. ठिबकच्या चौकशीसाठीं दिलेला क्रमांक दुसऱ्या कोणास विकणें हें व्यापाऱ्यास शोभत नाहीं.

उधारीच्या वहींत गिऱ्हाईक देणेकरी असतें. या वहींत देणेकरी दुकानदार असतो. अमुक दिवशीं फोन करतों असा शब्द त्यानें दिलेला असतो. तो शब्द त्या दिवशीं फेडला जावा, एवढ्यासाठींच ही खतावणी.