मानसिक आपत्प्रसंग व तातडीची मदत

मनोविकारामुळे किंवा असह्य ताणामुळे व्यक्तीच्या स्वतःच्या अथवा इतरांच्या जीविताला तत्काळ धोका निर्माण झाला असता त्या अवस्थेस मानसिक आपत्प्रसंग म्हणतात. आत्महत्येचा प्रयत्न वा निर्धार, उन्मादाचा तीव्र झटका, नसलेले आवाज ऐकू येऊन भयभीत होणे आणि दारू एकाएकी सोडल्याने होणारा बुद्धिभ्रम ही त्याची प्रमुख रूपे होत. शेवटच्या प्रकारात वेळीच उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून अशा रुग्णाची शारीरिक तपासणीही आवश्यक असते.

महाराष्ट्रातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. अवर्षणप्रवण धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यापासून येरवडा २०० किमी.पेक्षा अधिक दूर पडते. त्यामुळे तेथे पहिली मदत गावातूनच मिळावी लागते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये उस्मानाबाद व यवतमाळ जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. त्याच सुमारास मराठवाडा व विदर्भ यांतील १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात आशा कार्यकर्तीने घरोघरी विचारपूस करून खिन्न व्यक्तींना आरोग्यकेंद्राकडे पाठवावे, अशी योजना होती.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये आपत्प्रसंगी कोणताही नोंदणीकृत वैद्य रुग्णालयात किंवा रुग्णाच्या घरीही ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ञच असावा लागत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या रुग्णास २४ तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत नेले पाहिजे. त्यास कोठडीत ठेवता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे हा अधिनियम गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकतो. शिक्षेच्या भीतीने असा प्रसंग लपविण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

मदतकर्त्याने गर्दी हटवावी, हलक्या आवाजात बोलावे, वाद घालू नये वा उपदेश करू नये. मरणाचे विचार मनात येतात काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने धोका वाढत नाही. कीटकनाशके कुलुपात किंवा घराबाहेर ठेवावीत आणि त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ व समुपदेशनासाठी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हे क्रमांक आहेत. टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

विषबाधेवर उपचार होऊन रुग्ण घरी परतला, म्हणजे आपत्प्रसंग संपला असे नव्हे. प्रयत्नानंतरचे पहिले काही आठवडे विशेष धोक्याचे असतात. म्हणून घरी पाठविण्यापूर्वी मानसिक तपासणी करणे, पुढील भेटीचा दिवस ठरविणे आणि गावातील आरोग्य कार्यकर्तीस कळविणे या तीन गोष्टी घडल्या, तरच तातडीची मदत पूर्ण झाली असे म्हणता येईल. जेथे तज्ञ मोजके आहेत, अशा जिल्ह्यात आशा, वैद्य व पोलीस यांतील ही साखळी अखंड राखण्यावरच अनेकांचे प्राण अवलंबून असतात.