नव्या कराराची ग्रंथनिश्चिती

बायबलच्या नव्या करारातील २७ लेखांना प्रमाण धर्मग्रंथ म्हणून मान्यता मिळण्याची प्रक्रिया. ही मान्यता निकिया येथील परिषदेने (३२५) दिली, हा रूढ समज निराधार आहे. हे प्रामाण्य मुख्यतः उपासनेतील वाचनातून रुळत गेले. पौलाची पत्रे व शुभवर्तमाने मंडळ्यांतून आधीपासून वाचली जात. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीपासून वेगळा झालेल्या मार्शियनने जुना करार नाकारला आणि लूकच्या शुभवर्तमानाची काटछाट केलेली प्रत व पौलाची दहा पत्रे एवढेच ग्राह्य मानले. आपले ग्रंथ कोणते, हे इतरांनी स्पष्ट करण्यास यामुळे चालना मिळाली, असे अनेक अभ्यासक मानतात. सु. १८० मध्ये आयरिनीअसने चारच शुभवर्तमानांचा पुरस्कार केला. ग्रंथ प्रेषितांच्या परंपरेतला असावा आणि तो मंडळ्यांत सर्वत्र वाचला जावा, अशी अपेक्षा असे. तरीही ‘इब्री लोकांस पत्र’ याविषयी पश्चिमेकडे, तर ‘प्रकटीकरण’ याविषयी पूर्वेकडे दीर्घकाळ साशंकता होती. चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितात तर ‘हर्मासचा मेंढपाळ’ हा पुढे वगळला गेलेला ग्रंथही आहे. नेमके आजचे २७ ग्रंथ सांगणारी पहिली ज्ञात यादी ॲलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस याच्या ३६७ मधील पत्रात आढळते. पेशित्ता या सिरियाक भाषांतरात मात्र मुळात २२ ग्रंथच होते.