सागरतळीय उष्णता प्रवाह

सागरतळीय उष्णता प्रवाह : पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णता महासागरांच्या तळामधून ज्या त्वरेने बाहेर पडते तिला ही संज्ञा देतात. हा प्रवाह प्रती चौ. मी. मिलिवॉट या एककात मोजतात. तो अतिशय क्षीण असतो. जुन्या सागरतळावर त्याचे मूल्य सु. ५० मिलिवॉट असते. म्हणजे वीस गुंठे क्षेत्रातून बाहेर पडणारी सर्व उष्णता एकत्र केली, तरी ती १०० वॉटच्या एका विजेच्या दिव्याइतकीच भरेल. सूर्यापासून भूपृष्ठाला मिळणारी उष्णता हिच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असल्याने हवामानाच्या दृष्टीने ही उष्णता नगण्य ठरते. तथापि ज्वालामुखी, पर्वतनिर्मिती व भूपट्टांचे सरकणे यांना लागणारी ऊर्जा पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेच्या साठ्यातूनच मिळते. पृथ्वीतून बाहेर पडणारी एकूण उष्णता सु. ४७ लाख कोटी वॉट असून तिचा सु. दोनतृतीयांश भाग महासागरांच्या तळातून येतो.

मापन : पदार्थातील तापमान खोलीनुसार ज्या त्वरेने वाढते ती तापमान प्रवणता आणि पदार्थाची ऊष्मीय संवाहकता (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) यांचा गुणाकार म्हणजे उष्णता प्रवाह होय. उदा., गाळाचे तापमान दर मीटरला ०·०६° से. वाढत असेल आणि त्याची संवाहकता ०·९ वॉट प्रती मी. प्रती अंश असेल, तर प्रवाह ५४ मिलिवॉट येतो. जमिनीवर ऋतुमानानुसार होणाऱ्या तापमानातील बदलांचा आणि भूजलाचा परिणाम टाळण्यासाठी खाणी किंवा खोल वेधनछिद्रे यांचा आश्रय घ्यावा लागतो. खोल समुद्राच्या तळाशी पाण्याचे तापमान १° ते ३° से. च्या आसपास जवळजवळ स्थिर राहते व तळावरील गाळ मऊ असतो. त्यामुळे काही मीटर लांबीची सळई गाळात रुतवली, तरी काम भागते. या एका बाबतीत निसर्गाने समुद्रशास्त्रज्ञाला भूमीवरील शास्त्रज्ञापेक्षा झुकते माप दिले आहे, असे म्हणता येईल.

दक्षिण आफ्रिकेतील उष्णता प्रवाहाची विश्वसनीय मूल्ये १९३९ मध्ये प्रसिद्ध करणारे ब्रिटिश भूभौतिकीविज्ञ एडवर्ड बुलर्ड यांनी १९४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत असताना सागरतळासाठी अशा सळईचा आराखडा तयार केला. सळई गाळात घुसताना घर्षणाने तापते. म्हणून ती गाळाच्या तापमानाला येईपर्यंत जहाजाला जागीच थांबावे लागे. मापनातील त्रुटींचा एक मोठा भाग या थांबण्याच्या काळात सळई हलल्याने उद्‌भवत असे. गाळाची संवाहकता ठरविणे हेही सुरुवातीस वेळखाऊ काम होते. रिचर्ड फॉन हर्झन व आर्थर मॅक्सवेल यांनी १९५९ मध्ये त्यासाठी सुईसारख्या बारीक एषणीची पद्धत मांडली. सुईला विद्युत् प्रवाहाने उष्णता देऊन तिचे तापमान ज्या त्वरेने वाढते त्यावरून काही मिनिटांतच संवाहकता काढता येते. पुढे क्लाइव्ह लिस्टर यांच्या पद्धतीत बळकट भाल्याला समांतर अशी तापमानमापकांची एक बारीक नळी ताणून बसविण्यात आली. तिच्यामुळे तापमान व संवाहकता ही दोन्ही तळावरच मोजता येऊ लागली आणि उपकरण वर न काढता तेच एकामागून एक अनेक ठिकाणी रुतविणे शक्य झाले.

अपेक्षा व निष्कर्ष : खंडांच्या ग्रॅनाइटी कवचात युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांची किरणोत्सर्गी (भेदक कण वा किरण बाहेर टाकणारी) द्रव्ये पुष्कळ असतात आणि त्यांच्या विघटनाने उष्णता निर्माण होते. महासागरांखालील बेसाल्टी कवच पातळ असून त्यात ही द्रव्ये फारच थोडी असतात. साहजिकच सागरतळातील प्रवाह खंडांवरील प्रवाहाच्या मानाने अल्प असावा, अशी अपेक्षा होती. रॉजर रेव्हेल व मॅक्सवेल यांनी पूर्व पॅसिफिकमधील मापने १९५२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ही अपेक्षा खोटी ठरली. तो प्रवाह खंडांवरील प्रवाहाइतकाच भरला. बुलर्ड यांच्या अटलांटिकमधील मापनांवरूनही (१९५४) हेच दिसून आले. म्हणजे महासागरांखाली ही उष्णता कवचातून नव्हे, तर त्याखालील प्रावरणातून येत असली पाहिजे, आणि तेथील द्रव्य सावकाश वर येऊन ती आणत असावे, या विचाराला त्यामुळे बळकटी आली. पूर्व पॅसिफिक उंचवट्याच्या माथ्यावर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह आढळल्याने तो विचार अधिकच दृढ झाला.

मध्य-महासागरी पर्वतरांगांच्या ठिकाणी नवा सागरतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो, ही कल्पना १९६० नंतर पुढे आली [⟶ भूपट्ट सांरचनिकी]. ती खरी असेल, तर तळ जसा जुना होईल तसा तो थंड होत जाऊन प्रवाह वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटला पाहिजे. येथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ मध्ये याच गणिताने पृथ्वीचे वय सु. दहा कोटी वर्षे काढले होते. सबंध पृथ्वीच्या बाबतीत चुकलेले ते गणित सागरतळाच्या बाबतीत मात्र चपखल लागू पडते. सेथ स्टाइन व कॅरल स्टाइन यांच्या १९९२ मधील प्रतिकृतीनुसार साडेपाच कोटी वर्षांपर्यंतच्या तळासाठी ५१० या संख्येला वयाच्या (दशलक्ष वर्षांतील) वर्गमुळाने भागले असता प्रवाह मिळतो. वय ४० लाख वर्षे असल्यास तो २५५ मिलिवॉट येतो. अतिशय जुन्या तळाच्या बाबतीत तो सु. ४८ मिलिवॉटवर स्थिरावतो.

हरवलेली उष्णता : प्रत्यक्षात पर्वतरांगांजवळील मापने या गणिताशी जुळेनात. काही किमी. अंतरावरच्या दोन ठिकाणांपैकी एकावर प्रवाह फार मोठा, तर दुसऱ्यावर जवळजवळ शून्य आढळे आणि सरासरी अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी भरे. मार्कस लँगसेथ, झेव्ह्ये ल पिशाँ व मॉरिस यूइंग यांनी तर १९६६ मध्ये अटलांटिकमधील मूल्ये सागरतळाच्या अखंड विस्तारणाशी जुळत नाहीत, असे मत मांडले. मापने खोटी नव्हती. उणीव गृहीतात होती. सळईने मोजली जाते ती केवळ संवहनाने (पदार्थातून कणाकणाने) येणारी उष्णता. लिस्टर यांनी १९७२ मध्ये असे दाखविले की, नव्या कवचातील भेगांमधून थंड समुद्रजल खाली शिरते, तापते व अन्यत्र वर येते. आणि उष्णतेचा मोठा वाटा हे पाणीच वाहून नेते.

या तर्काची प्रचीती गालॅपागस बेटांजवळ आली. डेव्हिड विल्यम्स, फॉन हर्झन व त्यांचे सहकारी यांच्या १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील विस्तारण केंद्राच्या उतारांवर प्रवाहाचे चढउतार सु. ६ किमी. अंतराने लाटेप्रमाणे आढळले. १९७७ मध्ये ‘ॲल्व्हिन’ या पाणबुडीतून सु. २,५०० मी. खोलीवर उतरलेल्या शास्त्रज्ञांना तेथेच कोमट पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशावाचून जगणाऱ्या प्राण्यांच्या वसाहती आढळल्या. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिक उंचवट्यावर सु. ३५०° से. तापमानाचे काळे, खनिजयुक्त पाणी ओकणारी धुराडी सापडली. विसाव्या शतकातील जीवविज्ञानाच्या एका मोठ्या शोधाचा माग असा चिखलातील तापमानाच्या जमाखर्चातून लागला.

तथापि हरवलेल्या उष्णतेचा बराचसा भाग या धुराड्यांतून जात नाही. माथ्यापासून दूर, लाखो वर्षे जुन्या तळावर मंद तापमानाचे पाणी सावकाश वाहत असते आणि अधिक उष्णता तेच नेते. पॅसिफिकमधील हुआन द फुका पर्वतरांगेच्या पूर्व उतारावर एका सागरी टेकडीतून आत शिरलेले पाणी सु. ५० किमी. अंतरावरील दुसऱ्या टेकडीतून बाहेर पडते, असे २००३ मध्ये दाखविण्यात आले. गाळाचे जाड आवरण साचून भेगा बुजल्यावर, सु. साडेसहा कोटी वर्षांनंतर, मापने व गणित यांचा मेळ बसतो. पाण्यावाटे जाणारी ही उष्णता महासागरांतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या सु. एकतृतीयांश आहे.

सर्वच प्रश्न असे सुटले नाहीत. हवाई बेटांभोवतालचा फुगीर तळ प्रावरणातील उष्णतेने पुन्हा तापल्याने वर आला असावा, असे फॉन हर्झन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रतिपादिले होते. पुढील अधिक मापनांत अपेक्षित जादा प्रवाह स्पष्टपणे आढळला नाही व १९८९ मध्ये त्यांनी स्वतःच ते नमूद केले.

लँगसेथ यांच्या नेतृत्वाखाली अपोलो–१५ (१९७१) व अपोलो–१७ (१९७२) या मोहिमांत चंद्रावरही अशीच मापने झाली. तेथील प्रवाह अनुक्रमे सु. २१ व १६ मिलिवॉट आला.

हिंदी महासागर : मध्य हिंदी पर्वतरांगेवर २००० मध्ये जपानी संशोधकांना ‘काइरेई’ हे उष्णजलीय क्षेत्र सापडले. कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर २००३ मध्ये उष्णजलाच्या लोटाचा पुरावा मिळाला. २०२४ मध्ये गोव्याचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांनी हिंदी महासागरात सु. ४,५०० मी. खोलीवरील एका क्रियाशील झऱ्याची छायाचित्रे मिळविली. खंडांच्या कडांवर उष्णता प्रवाहाचा वेगळाच उपयोग होतो. गाळातील सेंद्रिय द्रव्याचे खनिज तेलात रूपांतर होण्याइतके तापमान मिळाले होते की नाही, हे त्यावरून ठरविता येते. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या सागरी भागात २००६ मधील वेधनात आढळलेल्या मिथेन हायड्रेटासारखी (बर्फासारखी वायुयुक्त संयुगे) द्रव्ये ठराविक तापमानाखालीच टिकतात. त्यांच्या थराचा तळ भूकंपीय सर्वेक्षणात परावर्तकाच्या रूपाने दिसतो. त्यामुळे त्या तळाच्या खोलीवरून सळई न रुतविताही तेथील तापमान प्रवणतेचा अंदाज करता येतो.