पाण्यातली संक्रांत



दर अंकात या पानावर मी बेणे, लागण आणि खोडवा याविषयीच लिहीत आलो. आज जरा बांध ओलांडतो.

एप्रिल २०२५ मध्ये, आपला हंगाम आटोपल्यावर, थायलंडच्या ईशान्य भागात खोन केन येथे ऊस पाहण्यास गेलो होतो. त्या गावाच्याच नावाची ‘खोन केन ३’ ही उसाची जात तिकडे फार मोठ्या क्षेत्रावर आहे. ऊस बहुतेक पावसाच्या पाण्यावरचा. दोन दिवस फड हिंडलो, टिपणे काढली. तिसरा दिवस १३ एप्रिलचा. कामे सगळी बंद! दुभाष्याला विचारले, तर म्हणाला, “सोंगक्रान.”

मी कान टवकारले. ही तर आपली संक्रांत! शब्द मूळ संस्कृतातलाच. आपण सूर्य मकर राशीत जातो ती संक्रांत पाळतो, ते मेषेत जातो ती. हा त्यांचा जुना वर्षारंभ. १९४१ पासून सरकारी वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले, तरी १३ ते १५ एप्रिलचा हा सण काही हटला नाही. २०२३ साली युनेस्कोनेही त्याची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली.

इस्त्रीचा सदरा घालून, वही खिशात ठेवून बाहेर पडलो. दहा पावले गेलो नाही तोच एका पोराने अख्खी बादली माझ्यावर रिती केली. मागून कुणी बर्फाचे पाणी ओतले. एका म्हातारबाबांनी गालांना पांढऱ्या मातीचा लेप फासला. वही काढून बघतो तर दोन दिवसांची टिपणे शाईच्या डबक्यात! डोके फिरले. मराठीतच दोन शब्द सुनावले. पोरगे हसले, हात जोडले, आणि स्वतःची बादली माझ्या हातात दिली. आता काय करता? मग मीही मागे राहिलो नाही. आपल्या रंगपंचमीचा सराव कामी आला!

तिथल्या ‘खाओ निआओ’ म्हणजे चिकट भाताच्या रस्त्यावर मोठी गर्दी जमते. या टोकापासून त्या टोकापर्यंत लोक हात उंचावत लाटेसारखे उठतात. दारूविना सण साजरा करण्याबद्दल हा रस्ता नावाजलेला आहे.

खरे सांगतो, मन एका बाजूने खात होते. पाण्याच्या पाळीसाठी रात्र रात्र जागणारी आपण माणसं, आणि इथे पाणी रस्त्यावर!

दुसऱ्या दिवशी ज्यांचा ऊस पाहिला त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. तिथे दंगा नव्हता. त्यांची आई चटईवर बसली होती. मुले, सुना, नातवंडे एकेक करून पुढे येत, मोगऱ्याच्या फुलांचे पाणी तिच्या ओंजळीवर ओतत, आणि वर्षभरात काही चुकले असल्यास क्षमा मागत. ती आशीर्वाद देई. सणाचे जुने रूप ते हेच. त्याला लागते वाटीभर पाणी. मीही ओतले. आजींनी माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला.

आणि मला आमचे दादा आठवले. विहिरीच्या पाळीवरून आम्हा भावांत चार वर्षे बोलणे नव्हते. गावोगाव “बांधावरची भांडणे मिटवा” म्हणून सांगत फिरणारा मी, घरचा बांध मात्र तसाच!

परत आल्यावर तांब्या भरून घेतला आणि दादांच्या वस्तीवर गेलो. दादा गोठ्यात होते. त्यांना वाटले, पाळीचेच काही काढले.

“दादा, हात पुढं करा.”

“ह्ये काय नवीन खूळ?”

“करा तर खरं. लहान आहे मी.”

बराच वेळ बघत राहिले. मग हात पुढे केले. पाणी ओतताना माझ्याच्याने बोलवेना. तेच म्हणाले, “सांडू नकोस फार. उन्हाळा हाय.”

पाळीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण आता मोटार चालू करण्याआधी आम्ही एकमेकांना हाक देतो.

वहीतले जेवढे वाचता येते तेवढे पुढील अंकात: खोन केनचा ऊस आणि त्याचा खोडवा.

— ऊस विकास अधिकारी